हातात किती, पाठीशी काय

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की अमेरिकेत पैसा जास्त आहे पण युरोपातली माणसं सरासरी जास्त वर्षं जगतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिलाय. माझ्याबद्दल एवढंच, की सहा वर्षं न्यू जर्सी, मग चार वर्षं जर्मनीत हॅनोव्हर, आणि २०१९ पासून परत ठाण्यात, पाचपाखाडीला. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यातलं थोडं वाचलेलं आहे आणि बरंचसं अंगावरून गेलेलं.

प्रश्न: मुलगा टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो, चार बेडरूमचं स्वतःचं घर, दोन गाड्या. मुलगी-जावई जर्मनीत स्टुटगार्टला, दोन खोल्यांचं भाड्याचं घर, गाडी नाही, ट्रामने जातात-येतात. सोसायटीतल्या बायका मुलाचं तोंडभर कौतुक करतात आणि मुलीचं विचारताना आवाज खाली येतो, "अजून भाड्यानेच का हो?" ती म्हणते आई आम्ही मजेत आहोत. मला मात्र रात्री झोप लागत नाही. खरंच तिचं ओढाताणीत चाललंय का?
एक आई, घोडबंदर रोड

उत्तर: ताई, आधी शांत झोपा. तुमच्या मुलीचं ओढाताणीत चाललेलं नाही, आणि मुलाचं कौतुक होतंय तेही खोटं नाही, फक्त सोसायटीतल्या बायका जे मोजतायत ते डोळ्याला दिसणारं आहे, घर, गाडी, अंगण. मुलीकडे जे आहे ते फोटोत येत नाही.

पहिलं भाड्याच्या घराचं. आपल्याकडे भाडं म्हणजे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, परत ब्रोकरेज, परत टेम्पो, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की घर खाली करा. त्यामुळे भाड्याने राहणारा म्हणजे अजून सेटल न झालेला असंच आपल्या डोक्यात बसलंय. जर्मनीत निम्म्याच्या आसपास लोक भाड्याने राहतात, त्यात प्रोफेसर आले, डॉक्टर आले. करार बहुतेक वेळा मुदतीशिवायचा असतो आणि मालकाला कायद्यात बसणारं कारण दाखवल्याशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. वीस-वीस वर्षं एकाच भाड्याच्या घरात राहून पोरं मोठी केलेली माणसं मी पाहिलीत. हॅनोव्हरला आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी चाळीस वर्षं तिथे भाड्याने होत्या आणि पडदे, टाइल्स सगळं स्वतःच्या आवडीचं.

गाडीचं तर अजून वेगळं आहे. डॅलसच्या उपनगरात दोन गाड्या म्हणजे चैन नाही, त्यांच्याशिवाय दूधसुद्धा घरी येत नाही. नवरा-बायको दोघं कामाला जात असतील तर दोन गाड्या हव्यातच, म्हणजे दोन हप्ते, दोन इन्शुरन्स. तुमची मुलगी महिन्याचा एक पास काढते तो सगळ्या जर्मनीत लोकल ट्रेन, बस, ट्राम सगळ्याला चालतो, २०२३ ला ४९ युरोला सुरू झाला आणि २०२६ पासून ६३ युरो आहे. आणि हे नुसतं पैशांचं नाही हो. २०२३ मध्ये अमेरिकेत रस्ते अपघातांत जवळजवळ ४१ हजार माणसं गेली, सगळ्या युरोपियन युनियनमध्ये मिळून २० हजारांच्या थोडं वर, आणि लोकसंख्या बघा, अमेरिकेची साधारण साडेतेहतीस कोटी, युनियनची ४५ कोटी.

आता पैसा. मुलाच्या हातात मुलीपेक्षा जास्त पैसा राहतो, यात मला काही शंका नाही आणि तुम्हीही मुलीला बरं वाटावं म्हणून हे नाकारू नका. २०२३ ला माणशी उत्पन्न अमेरिकेत ८० हजार डॉलरच्या वर होतं, जर्मनीत ५५ हजारांच्या आत. हे फक्त श्रीमंतांमुळे वर गेलेलं नाही, मधल्या अमेरिकन कुटुंबाच्या हातातसुद्धा मधल्या जर्मन कुटुंबापेक्षा जास्त येतं. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. (मात्र प्रॉपर्टी टॅक्स जबर आहे, चार लाख डॉलरचं घर असेल तर वर्षाला सहा-सात हजार डॉलर सहज, कर्ज फिटलं तरी तो फिटत नाही.) जर्मनीत एकट्या, सरासरी पगाराच्या माणसाचा टॅक्स आणि विम्याचे हप्ते मिळून पगाराचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापला जातो. पे-स्लिप पहिल्यांदा हातात आली तेव्हा माझा नवरा दोन मिनिटं काही बोललाच नव्हता.

पण तो कापलेला पैसा जातो कुठे, ते मला पहिल्यांदा कळलं हॅनोव्हरला माझ्या मुलाच्या अपेंडिक्सच्या वेळी. तो नऊ वर्षांचा होता, रात्री दोनला ॲम्ब्युलन्स, पहाटे ऑपरेशन, मग पाच दिवस वॉर्डात. डिस्चार्जच्या दिवशी मी पर्समध्ये कार्ड घेऊन सगळा तळमजला फिरले, बिलिंग काउंटर कुठे आहे म्हणून. रिसेप्शनवरच्या बाईंना माझं मोडकंतोडकं जर्मन कळेना, आणि कळल्यावर त्या म्हणाल्या, काही भरायचं नाहीये, मुलाला घेऊन घरी जा. तिथल्या सरकारी पद्धतीच्या विम्यात मोठ्या माणसाला हॉस्पिटलचे दिवसाला १० युरो पडतात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे, आणि १८ वर्षांखालच्यांना तेही नाहीत. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, वेगळा प्रीमियम नाही. न्यू जर्सीत नवऱ्याचं मनगट मोडलं होतं तेव्हा कंपनीचा इन्शुरन्स चांगला होता, तरी चार महिने पोस्टाने बिलं येत राहिली, एक्स-रेचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, आणि एक अशा डॉक्टरचं ज्याला आम्ही पाहिल्याचं दोघांनाही आठवेना. शेवटी फार काही बुडालं नाही आमचं, पण त्या चार महिन्यांत पोस्टाची पेटी उघडताना पोटात गोळा यायचा, आणि हा गोळा कुठल्याच पगाराच्या आकड्यात धरलेला नसतो.

आजारपण लांबलं तर? जर्मनीत पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यानंतर विमा पगाराचा साधारण ७० टक्के भाग देतो आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत हे सगळं मिळून ७८ आठवड्यांपर्यंत चालतं. नोकरी गेली तर साधारण वर्षभर हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. अमेरिकेत आजारपणाच्या भरपगारी रजेचा देशभराचा कायदाच नाही, भरपगारी सुट्टीचाही नाही, जे मिळतं ते कंपनीच्या मर्जीने किंवा राज्याच्या कायद्याने. युरोपियन युनियनमध्ये वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी सुट्टी द्यावीच लागते.

म्हणून मुलाशी बोलाल तेव्हा घर किती स्क्वेअर फूट आहे हे विचारण्याऐवजी विचारा, की बाबा रे, उद्या सहा महिने तुला काम करता आलं नाही तर घर कसं चालेल? हाच प्रश्न मुलीलाही विचारा. मुलाने बाजूला पैसे टाकले असतील, चांगला इन्शुरन्स घेतला असेल (२०२५ ला तिथल्या कायद्याप्रमाणे बहुतेक प्लॅनमध्ये कुटुंबाने वर्षाला जास्तीत जास्त १८,४०० डॉलर स्वतःच्या खिशातून भरायचे, म्हणजे तेवढे तरी बँकेत हवेतच), तर तोही सुखात आहे. फरक एवढाच, की त्याची वाईट वेळ त्याने स्वतः सांभाळायची आहे आणि मुलीची वाईट वेळ तिच्या पगारातून दर महिन्याला आधीच भरली जातेय.

आणि मुलीला एकटेपणाबद्दल जरूर विचारा. घर-गाडीपेक्षा तिकडे खरी कमतरता ती आहे. भाषा पक्की होईपर्यंत मैत्री होत नाही, रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान, रात्री दहानंतर मिक्सर लावायची सोय नाही. न्यू जर्सीत एडिसनला मला दोन दिवसांत मेथीची जुडी आणि मराठी मैत्रीण दोन्ही मिळालं होतं, हॅनोव्हरला दीड वर्ष गेलं.

प्रश्न: ऐरोलीत आयटीत आहे, वय ३१, लग्नाला दोन वर्षं, बायकोही नोकरी करते, वर्षभरात मुलाचा विचार आहे. कंपनी दोन पर्याय देतेय, एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा अमेरिकन व्हिसा) न्यू जर्सी १,१५,००० डॉलर किंवा ब्लू कार्डवर (कुशल कामगारांचा युरोपातला परवाना) म्युनिक ७२,००० युरो. ऑफिसमधले सगळे म्हणतात म्युनिक घेणारा वेडा. तुम्ही काय केलं असतं?
एक वाचक, ऐरोली

उत्तर: तुमच्या वयात, मूल व्हायच्या आधी, मी म्युनिक घेतलं असतं. आता का ते सांगते, आकड्यांपासूनच.

न्यू जर्सीत टॅक्स, सोशल सिक्युरिटी आणि हेल्थ प्रीमियम जाऊन महिन्याला सात हजार डॉलरच्या आसपास हातात येतील, म्युनिकला साडेतीन हजार युरोच्या आसपास. नुसते आकडे पाहिले तर निम्मं. पण त्या सात हजारांतून तान्ह्या बाळाचं डेकेअर महिन्याला दोन हजारांच्या आसपास जाईल, गाडी आलीच, भाडंही म्युनिकपेक्षा कमी नाही. जर्मनीत मूल एक वर्षाचं झालं की पाळणाघराच्या जागेवर त्याचा कायदेशीर हक्क आहे, २०१३ पासून, आणि फी त्यामानाने फारच कमी. जागा मात्र सहज मिळत नाही हां, म्युनिकमध्ये तर नाहीच, बायकोला दिवस गेले की लगेच नाव घालायला लागा. एवढं सगळं धरूनही शिल्लक न्यू जर्सीत जास्त पडेल, हेही खरं. तुम्हाला पाच वर्षांत घोडबंदरच्या फ्लॅटचं कर्ज फेडून परत यायचं असेल तर सरळ अमेरिकेला जा, माझं पुढचं वाचू नका.

राहायचं असेल तर वाचा. जर्मनीत बाळंतपणाच्या आधी सहा आणि नंतर आठ आठवडे पूर्ण पगार, त्यानंतर आई-बाबा दोघांनी वाटून घेतलं तर नंतरचे आठ आठवडे त्यातच धरून चौदा महिन्यांपर्यंत हातातल्या पगाराच्या ६५ ते ६७ टक्के, महिन्याला कमाल १,८०० युरो, आणि नोकरी तीन वर्षांपर्यंत राखून ठेवतात. शिवाय प्रत्येक मुलामागे महिन्याला अडीचशे युरोच्या वर बालभत्ता. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात ते बिनपगारी, तेही कंपनी किमान ५० माणसांची असेल आणि तुमचं तिथे वर्ष भरलं असेल तर. न्यू जर्सीचा स्वतःचा राज्याचा कायदा आहे, त्यात बारा आठवड्यांपर्यंत पगाराचा मोठा भाग मिळतो, ते फार चांगलं आहे, पण त्यासाठी तिथे आधी काही महिने काम केलेलं लागतं आणि तुमची बायको तर नुकतीच पोहोचलेली असेल. काम दोन्हीकडे करता येईल तिला, एल-१ वाल्याच्या जोडीदाराला २०२१ पासून वेगळं परमिट काढावं लागत नाही, आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून मुभा आहे.

आता जे ऑफिसमधले कोणी सांगणार नाहीत ते. नोकरी गेली तर अमेरिकेत ६० दिवस. साठ दिवसांत दुसरा व्हिसा नाहीतर बॅग भरा, पोराची शाळा, गाडीचं कर्ज, सगळं तसंच टाकून. एल-१ तर त्याच कंपनीला बांधलेला. ग्रीन कार्डात एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग अशी आहे की २०२५ मध्ये ईबी-२ ला (नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या उच्चशिक्षितांची रांग) २०१२-१३ चे अर्ज चालू होते. म्हणजे आज रांगेत उभं राहिलात तर तुमचं अजून न जन्मलेलं मूल शाळा संपवेल. ब्लू कार्डला नोकरी गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत तीन महिने, त्यानंतर सहा महिने दुसरी शोधायला मिळतात, आणि जर्मनीत कायमचा परवाना २७ महिन्यांत, जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, शिकलात तर २१ महिन्यांतच. राहणीमान म्हणजे घर-पगार एवढंच धरतात सगळे, पण ज्याला पुढच्या दोन वर्षांचं नक्की नाही तो मोठ्या घरातसुद्धा सोफा घेताना दहादा विचार करतो. आम्ही न्यू जर्सीत सहा वर्षं फोल्डिंगच्या टेबलावर जेवलो, पैसे नव्हते म्हणून नाही.

अजून एक, पेन्शन. अमेरिकेत पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीत जातात, पण पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचे क्रेडिट लागतात आणि भारताचा अमेरिकेशी याबाबत करार नाही, त्यामुळे सात-आठ वर्षांत परतलात तर त्या पेन्शनवर पाणी. जर्मनीशी आपला करार मे २०१७ पासून लागू आहे, तिथे किमान पाच वर्षं लागतात आणि ती मोजताना दोन्हीकडची वर्षं जोडता येतात.

जर्मन मात्र आजपासून सुरू करा. ऑफिसात इंग्रजी चालेल, पण बाळाच्या डॉक्टरकडे आणि पाळणाघरात नाही चालणार.

प्रश्न: युरोपातले लोक जास्त जगतात म्हणालात. अमेरिकन खातात जास्त म्हणून ना? यात राहणीमानाचा काय संबंध?
निवृत्त शिक्षक, वाशी

उत्तर: सर, खाणं आहेच, तिथल्या मोठ्या माणसांत दर दहांतले चार स्थूल आहेत. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. २०२३ चं सरासरी आयुर्मान अमेरिकेत ७८.४, युरोपियन युनियनमध्ये ८१.४. ही तीन वर्षं नुसती म्हाताऱ्यांच्या खात्यातून नाही, तरुणांच्या खात्यातूनही गेलीत, हे मला फार लागतं. ड्रग्जच्या ओव्हरडोसने अमेरिकेत २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत दरवर्षी लाखाच्या वर माणसं गेली, बंदुकीने एकट्या २०२१ मध्ये ४८ हजारांवर, आणि रस्त्यांचं वर लिहिलंच आहे. विशी-तिशीतला एक माणूस गेला की हिशेबातून पन्नास वर्षं जातात.

आणि हा देश आरोग्यावर कमी खर्च करतो असंही नाही, उत्पन्नाच्या १७ टक्क्यांच्या वर करतो, जर्मनी १२ च्या आसपास. उपचार तिथे उत्तम आहेत, स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमधून वाचणाऱ्यांचं प्रमाण जगात वरच्या रांगेत आहे. प्रश्न उपचारापर्यंत पोहोचण्याचा आहे, २०२३ मध्ये अडीच कोटींच्या वर लोकांकडे विमाच नव्हता.

पण सर, "युरोप" आणि "अमेरिका" असे दोनच डबे करू नयेत हेही तुमच्या पत्रामुळे लिहायला मिळालं. २०२० मध्ये हवाई राज्यात आयुर्मान ८०.७ होतं आणि मिसिसिपीत ७१.९, एकाच देशात जवळजवळ नऊ वर्षांचा फरक. युरोपात २०२३ ला स्पेन ८४, बल्गेरिया ७५.८, म्हणजे बल्गेरियापेक्षा सरासरी अमेरिकन जास्त जगतो आणि कितीतरी जास्त कमावतोही. स्वित्झर्लंडची इंजिनिअर, पोर्तुगालचा वेटर आणि मिसिसिपीतली नर्स यांची एका वाक्यात तुलना करायची मला तरी हिंमत होत नाही.

प्रश्न: मेकॅनिकलला शेवटच्या वर्षाला आहे. एमएस अमेरिकेत करू की जर्मनीत? बाबा म्हणतात कर्ज काढू.
विद्यार्थिनी, खारघर

उत्तर: बाळा, बाबा कर्ज काढू म्हणतात ते प्रेमाने, पण ते फेडायचं तुला आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सेमिस्टरचा किरकोळ खर्च. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य बाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ पासून फी सुरू केलीय. राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) आधी दाखवावे लागतात, आणि आपल्या मुलांना एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ जातो, लवकर अर्ज कर. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने.

अमेरिकेत स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) डिग्रीवर तीन वर्षं काम करता येतं, विद्यापीठं मोठी, पगार मोठे. पण नंतर एच-१बी या कामाच्या व्हिसाची लॉटरी, आणि चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज डोक्यावर असताना लॉटरी लागली नाही तर काय, हे बाबांबरोबर कागदावर लिहून काढ. गाड्यांच्या, मशीनच्या कामात जायचं असेल तर माझं मत जर्मनी, पण तिकडे सध्या ऑटो कंपन्याही माणसं कमी करतायत आणि बी-२ (मधल्याच्या वरची पातळी) जर्मनशिवाय मेकॅनिकलला नोकरी अवघड, तेव्हा दोन वर्षं भाषेची धरूनच निघ.

प्रश्न: आम्ही दोघंही सत्तरीचे. एक मुलगा अमेरिकेत, एक युरोपात. कुठे जास्त राहता येईल?
आजी-आजोबा, नेरूळ

उत्तर: व्हिजिटर म्हणून अमेरिकेत एका खेपेला साधारण सहा महिन्यांपर्यंत, शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९०. मुलगा अमेरिकन नागरिक झाला तर आई-वडिलांचं ग्रीन कार्ड करू शकतो. जर्मनीत मार्च २०२४ पासून पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना बोलावता येतं, पण या वयात तिथला आरोग्य विमा मिळवणं फार जड जातं आणि तोच मोठा अडसर आहे. कुठेही जा, पूर्ण मुक्कामाचा मेडिकल इन्शुरन्स घेतल्याशिवाय विमानात बसू नका. शेंगेनला ३० हजार युरोचा सक्तीचाच आहे, अमेरिकेला सक्ती नाही म्हणून कितीतरी जण तसेच जातात, आणि मला त्या लोकांची खरंच काळजी वाटते.

प्रश्न: जुलैत मुलीकडे फ्रँकफर्टला होते, ३६ डिग्री आणि घरात एसी नाही, पंखासुद्धा नाही. एवढा श्रीमंत देश, मग असं का? पुढच्या वर्षी परत जायचंय.
एक वाचक, कोलशेत

उत्तर: अमेरिकेत २०२० ला जवळजवळ नव्वद टक्के घरांत एसी होता, युरोपात फारच थोड्या. घरं बांधलीत ती थंडीत ऊब आत कोंडून ठेवायला, वीज महाग आहे (जर्मनीत युनिटला ४० सेंटच्या आसपास, अमेरिकेत त्याच्या निम्म्याहून कमी), आणि भाड्याच्या घराच्या भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी लागते. पूर्वी असा उन्हाळा क्वचित यायचा. २००३ च्या लाटेत युरोपात सत्तर हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक वयस्कर, तेव्हा याकडे हलकं पाहू नका, युरोपचं सगळंच चांगलं म्हणणाऱ्यांनी तर अजिबात नको. खिडकीला बाहेरून शटर असेल तर सकाळी आठलाच पूर्ण खाली ओढा आणि दिवसभर खिडक्या बंद ठेवा, आपल्याकडे वारा यावा म्हणून आपण उघडतो तसं करू नका. रात्री दहानंतर समोरासमोरच्या सगळ्या उघडा. टेबल फॅन मुलीला मे महिन्यातच घ्यायला सांगा, लाट आली की दुकानांत एकही शिल्लक राहत नाही.